शिक्षा म्हणजे शिकणे : विनयपिटकातील दोषांची नावे

१/ मराठीत 'आपत्ती' म्हटले की महापूर, भूकंप, दुष्काळ डोळ्यांसमोर उभे राहतात. पालि भाषेत 'आपत्ति' म्हणजे भिक्षूच्या हातून घडलेला नियमभंग. मूळ धातू एकच : आ + पद्, म्हणजे एखाद्या अवस्थेत जाऊन पडणे. संघाच्या भाषेत दोष 'केला' असे म्हणण्याऐवजी भिक्षू दोषात 'पडला' असे म्हणतात. आणि जेथे माणूस पडतो, तेथून बहुधा उठताही येते. बौद्ध भिक्षुसंघाने दोषांना दिलेल्या नावांचा हा दीर्घ धागा.

२/ त्रिपिटकातील विनयपिटक म्हणजे संघाचा कायदा. त्याचा गाभा 'पातिमोक्ख' : थेरवाद परंपरेत भिक्षूंसाठी २२७ आणि भिक्षुणींसाठी ३११ नियम. भिक्षूंच्या नियमांची विभागणी अशी : पाराजिक ४, संघादिसेस १३, अनियत २, निस्सग्गिय पाचित्तिय ३०, पाचित्तिय ९२, पाटिदेसनीय ४, सेखिय ७५ आणि वाद मिटवण्याच्या रीती, म्हणजे अधिकरणसमथ, ७.

३/ दर पंधरवड्याला, उपोसथाच्या दिवशी, सीमेच्या आतील सर्व भिक्षू एकत्र जमत. एक भिक्षू नियम म्हणून दाखवी आणि प्रत्येक वर्गाच्या शेवटी विचारी की सभेतील सर्व जण याबाबतीत शुद्ध आहेत ना. हा प्रश्न तीनदा विचारला जाई. कोणी बोलले नाही, तर मौन हीच शुद्धतेची ग्वाही मानली जाई. दोष आठवत असूनही गप्प बसणे हे जाणूनबुजून केलेले असत्य ठरे. ज्याच्या मनात काही सलत असेल, त्याने पठणापूर्वीच ते मोकळे करणे अपेक्षित होते.

४/ आता नावांकडे पाहू. आजच्या कायद्यात गुन्ह्याचे नाव कृत्यावरून पडते : चोरी, खून, अब्रुनुकसानी. विनयातील वर्गांची नावे कृत्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत. चोरी आणि मनुष्यवध एकाच वर्गात बसतात. खोटे बोलणे आणि झाड तोडणे दुसऱ्या एका वर्गात शेजारी नांदतात. नाव सांगते ते एवढेच की आता पुढे काय करायचे. थोडक्यात, दोषाचे नाव म्हणजे परतीच्या वाटेचे नाव.

५/ प्रारंभी नियमच नव्हते. वेरंजा येथे सारिपुत्तांनी बुद्धांना नियम घालून देण्याची विनंती केली, तेव्हा बुद्धांनी ती थांबवली, असे विनयपिटकच सांगते. संघात दोष दिसू लागल्यावाचून शास्ता नियम करीत नाही, ही त्यामागची भूमिका. म्हणून प्रत्येक नियमाआधी एक घटना येते : कोण, कोठे, काय घडले, लोक काय म्हणाले. विनयपिटक कायद्याचा ग्रंथ असूनही गोष्टींनी भरलेला आहे, तो यामुळे.

६/ पहिली घटना सुदिन्नाची. वैशालीजवळच्या कलंदग्रामातील हा श्रेष्ठिपुत्र घर सोडून भिक्षू झाला. पुढे आईने कुळाला वारस हवा म्हणून गळ घातली आणि त्याने आपल्या पूर्वपत्नीशी संग केला. तेव्हा त्याविरुद्ध नियम नव्हता. तरीही तो पश्चात्तापाने खंगला, कृश झाला, अखेर सोबत्यांजवळ बोलला. त्याच्या कृत्यावरून पहिला पाराजिक नियम तयार झाला. मात्र तो नियम खुद्द सुदिन्नाला लागू झाला नाही.

७/ यालाच 'आदिकम्मिक' म्हणतात. ज्याच्या कृत्यामुळे नियम जन्मला, तो पहिला कर्ता त्या नियमाचा अपराधी नव्हे. नियम अस्तित्वात येण्याआधीचे कृत्य दंडनीय नाही, हे तत्त्व आधुनिक कायद्याचे वाटते. विनयात ते जवळजवळ प्रत्येक नियमाच्या शेवटी नमूद आहे. वेडाच्या भरात केलेल्या कृत्यालाही तेथेच सूट दिलेली आहे.

८/ पाराजिक. ग्रंथातील पारंपरिक व्युत्पत्ती 'पराजित झालेला' अशी आहे. अलीकडच्या संशोधनात इतरही मते आहेत. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी जैन प्रायश्चित्तांतील सर्वांत जड अशा 'पारंचिय' या संज्ञेशी त्याचे नाते सुचवले. अर्थ कसाही लावा, परिणाम एकच : त्या क्षणापासून तो भिक्षू राहत नाही. नियम चार : मैथुन, चोरी, मनुष्यवध आणि आपल्याला अलौकिक सिद्धी लाभल्याचा खोटा दावा.

९/ चौघांना चार उपमा दिल्या आहेत. शिर तुटलेला माणूस, देठापासून गळालेले पिकले पान, दुभंगलेली शिळा, शेंडा छाटलेला ताडवृक्ष. चारही उपमांत एक गोष्ट समान आहे : पूर्ववत होणे शक्य नाही. येथे कोणी फटके मारत नाही, कोंडत नाही. संघ फक्त एवढेच मान्य करतो की जे नाते होते ते तुटले आहे.

१०/ चोरीच्या नियमाची कथा मोठी बोलकी आहे. धनिय हा कुंभारपुत्र भिक्षू. त्याने राजगृहात राजा बिंबिसाराच्या राखीव लाकडांतून झोपडीसाठी लाकूड उचलले. नियम करताना बुद्धांनी पूर्वी राजदरबारी न्यायमंत्री असलेल्या एका भिक्षूला विचारले की राजा किती मोलाच्या चोरीला जबर दंड करतो. उत्तर आले : एक पाद. त्या काळी राजगृहात पाच मासक म्हणजे एक पाद. संघाची सीमारेषा राज्याच्या कायद्याशी जुळवून आखली गेली.

११/ मग श्रेणी ठरल्या. पाच मासक किंवा अधिक मोलाची वस्तू चोरली, तर पाराजिक. एकाहून अधिक पण पाचांहून कमी, तर 'थुल्लच्चय'. एक मासक किंवा त्याहून कमी, तर 'दुक्कट'. थुल्लच्चय म्हणजे स्थूल अत्यय, मोठे उल्लंघन. दुक्कट म्हणजे दुष्कृत. हे दोन्ही शब्द पातिमोक्खाच्या वर्गांत नाहीत. नियमांच्या विवरणात ते येतात, आणि बहुधा अपुरा राहिलेला प्रयत्न किंवा कमी प्रतीचा दोष मोजण्यासाठी वापरले जातात.

१२/ चौथ्या पाराजिकाची पार्श्वभूमी दुष्काळाची आहे. वज्जी देशात अन्न मिळेना. वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्षूंनी युक्ती केली : गृहस्थांसमोर एकमेकांच्या ध्यानसिद्धींची वाखाणणी करायची. लोकांनी स्वतःच्या, मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. वर्षावास संपल्यावर इतर भिक्षू वाळलेले आणि हे मात्र धष्टपुष्ट. भुकेल्या माणसाच्या श्रद्धेवर पोट भरणे हे संघाने वधाच्या पंगतीला बसवले. स्वतःविषयी प्रामाणिक गैरसमज असेल, तर मात्र दोष नाही.

१३/ दुसरा वर्ग संघादिसेस. 'संघ', 'आदि', 'सेस' : आरंभी संघ आणि शेवटीही संघ, असे पालि परंपरेचे स्पष्टीकरण. संस्कृत ग्रंथांत हेच नाव 'संघावशेष' असे येते, म्हणजे संघात काही अवशेष उरलेला. पाराजिकात काही उरत नाही; येथे धागा शिल्लक आहे. स्त्रीला कामुक हेतूने स्पर्श, सहकाऱ्यावर बिनबुडाचा पाराजिकाचा आरोप, संघात फूट पाडण्याचा हट्ट आणि सोयरिकी जुळवणे, असे तेरा दोष यात येतात.

१४/ या दोषातून परत येण्याची वाट मोजून दिलेली आहे. दोष लपवला असेल, तर जितके दिवस लपवला तितके दिवस 'परिवास'. या काळात त्याने इतर भिक्षूंचे वंदन स्वीकारायचे नाही, शेवटचे आसन आणि शेवटचे अंथरूण घ्यायचे, कोणाला दीक्षा द्यायची नाही आणि विहारात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्या भिक्षूला आपली अवस्था स्वतःच्या तोंडाने सांगायची.

१५/ त्यानंतर सहा रात्रींचे 'मानत्त'. मग 'अब्भान', म्हणजे संघात परत बोलावून घेणे. या विधीला किमान वीस भिक्षू हवेत. एकोणीस असले तर विधी फोल, आणि उलट ते भिक्षूच निंदेस पात्र. चार भिक्षूंचा संघ पातिमोक्ख म्हणू शकतो. पण पडलेल्याला परत घ्यायला वीस जण लागतात. परत घेणे ही संघाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सभा भरवण्याजोगी गोष्ट होती.

१६/ हिशेबात एक बारकावा आहे. परिवासाची लांबी कृत्याच्या गंभीरतेवर ठरत नाही. ती लपवाछपवीच्या दिवसांवर ठरते. त्याच दिवशी सांगणाऱ्याला परिवास नाही, थेट मानत्त. वर्षभर दडवणाऱ्याला वर्षभर परिवास. जणू संघ म्हणतो की दोषापेक्षा त्याभोवती उभारलेली भिंत अधिक अंतर निर्माण करते, आणि ती भिंत जितकी जुनी, तितकी परतीची वाट लांब.

१७/ तिसरा वर्ग लहान पण विलक्षण : 'अनियत', म्हणजे न ठरलेला. भिक्षू उदायी एका तरुण स्त्रीबरोबर आडोशाला एकांतात बसलेला विशाखेने पाहिला. तिने हटकले; त्याने मनावर घेतले नाही. त्यावरून नियम झाला की विश्वासार्ह उपासिकेने असे पाहून सांगितले, तर चौकशी व्हावी, आणि भिक्षूने जे मान्य करावे त्याप्रमाणे पाराजिक, संघादिसेस किंवा पाचित्तिय ठरावे. गृहस्थ स्त्रीच्या साक्षीला येथे नियमाच्या शब्दांतच स्थान मिळाले आहे.

१८/ चौथा वर्ग निस्सग्गिय पाचित्तिय. 'विसर्जन', 'उत्सर्ग' यांतला सृज् धातूच येथे आहे : आधी वस्तू सोडून द्या, मग दोष कबूल करा. दहा दिवसांहून अधिक ठेवलेले जादा चीवर, जादा भिक्षापात्र यांत येते. गंमत पुढे आहे. वस्तू स्वीकारणाऱ्याने ती नंतर त्याच भिक्षूला परत द्यायची. परत दिली नाही तर देणे टाळणाऱ्यालाच दुक्कट. सोडून द्यायची ती वस्तूपेक्षा तिच्यावरची मूठ.

१९/ अपवाद सोन्यारुप्याचा. भिक्षूने नाणे स्वीकारले, तर ते संघापुढे सोडायचे आणि परत मिळायचे नाही. कोणी गृहस्थ त्याचे तूप किंवा तेल आणून देत असेल तर ते सर्वांनी घ्यावे, फक्त नाणे घेणाऱ्याने नव्हे. असा गृहस्थ न मिळाल्यास एका भिक्षूची नेमणूक करायची आणि त्याने ते फेकून द्यायचे. पडल्या जागेची खूण लक्षात न ठेवता फेकायचे, इतकी सूचना विनयात आहे.

२०/ पाचवा आणि सर्वांत मोठा वर्ग पाचित्तिय, नियम ९२. शब्द मराठी कानाला 'प्रायश्चित्त'च्या जवळचा वाटतो आणि अनेक अभ्यासक तेच नाते मानतात. येथे उपवास नाही, दंड नाही. भिक्षू दुसऱ्या भिक्षूपुढे उकिडवा बसून हात जोडतो, दोष सांगतो. ऐकणारा विचारतो, तो दोष त्याला दिसतो का. तो होकार देतो. पुढे सांभाळून राहण्याची सूचना मिळते. संपले. 'दिसणे' हाच येथे कळीचा शब्द आहे.

२१/ या वर्गातील दुसरा नियम महाराष्ट्रातील वाचकाने थांबून वाचावा असा आहे. 'ओमसवाद', म्हणजे टोचून, हिणवून बोलणे. विवरणात हिणवण्याच्या साधनांची यादी आहे : जात, नाव, गोत्र, काम, कारागिरी, आजार, शरीराची ठेवण आणि आणखी काही. हिणवण्याच्या हेतूने भिक्षूला त्याच्या जातीवरून संबोधले तर पाचित्तिय. ते संबोधन वस्तुस्थितीला धरून असले, तरीही. कोणत्या जातीचा उल्लेख केला यावर काही अवलंबून नाही. उच्च मानलेल्या जातीचे नाव घेऊन टोचले तरी दोष तोच.

२२/ त्या नियमाला जोडून तक्षशिलेतील नंदिविसाल बैलाची गोष्ट येते. धन्याने पैज लावली की हा बैल शंभर गाड्या ओढील. जुंपताना मात्र त्याने बैलाला खोटारडा म्हणून हाक मारली. बैल जागचा हलला नाही. हजार नाणी गेली. दुसऱ्यांदा दुप्पट पैज लागली, धन्याने गोड शब्दांत साद घातली आणि गाड्या चालू लागल्या. भिक्षूंना सांगितलेला अर्थ उघड आहे : अपमान जनावरालाही सहन होत नाही, तेथे माणसाची काय कथा!

२३/ आणि जातीवरची थट्टा निव्वळ गमतीने केली असेल, हिणवण्याचा हेतू नसेल, तर? 'मी तर चेष्टा करीत होतो' ही सबब विनयाला अपरिचित नव्हती. त्यासाठी वेगळी संज्ञा आहे : 'दुब्भासित', दुर्भाषित. दोष सर्वांत हलका, पण दोष खराच. ही संज्ञा याच नियमाच्या संदर्भात वापरली जाते. सबंध दंडव्यवस्थेतील एक स्वतंत्र शब्द केवळ हिणकस विनोदासाठी राखून ठेवला गेला, ही गोष्ट साधी नव्हे.

२४/ पाटिदेसनीय म्हणजे समोर जाऊन कबूल करण्याजोगे. चारही नियम अन्न स्वीकारण्याविषयीचे. त्यानंतर सेखिय, ७५ नियम : चीवर नीट नेसावे, गावात हसत-खिदळत जाऊ नये, घास फार मोठा घेऊ नये. दोन नियमांतले शब्द तर थेट कानावर येतात : 'चपुचपु' आवाज करीत जेवू नये, 'सुरुसुरु' आवाज करीत पिऊ नये. मराठी घरांत मचमच करू नको, भुरके मारू नको म्हणून मुलांना दटावतात, तेच हे.

२५/ 'सुरुसुरु'ची कथा कौशांबीची. एका ब्राह्मणाने संघाला दूध पाजले आणि सर्वांनी भुरके मारले. पूर्वाश्रमी नट असलेला एक भिक्षू म्हणाला की सगळा संघ जणू गारठला आहे. विनोद चांगला होता. म्हणूनच तो अडीच हजार वर्षे टिकला. भुरक्यांवर नियम झाला आणि बुद्ध, धम्म, संघ यांच्यावर थट्टा करणे दुक्कट ठरले. दोष नोंदवताना परंपरेने विनोदही जपून ठेवला.

२६/ पण अशा बारीक नियमांतूनच सर्वांत मोठे भांडण पेटले. कौशांबीतच एक विनयधर आणि एक धम्मकथिक, दोघे विद्वान. अट्ठकथेनुसार धम्मकथिकाने शौचकूपातील भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. विनयधर म्हणाला, हा दोष आहे. पण हेतू नसेल तर नाही. विषय तेथे मिटला. पुढे त्यानेच आपल्या शिष्यांना सांगितले की त्या माणसाला स्वतःचा दोषही कळत नाही.

२७/ शिष्यांकडून शिष्यांकडे बोलणे गेले. धम्मकथिकाला आता तो दोष 'दिसेना', आणि दोष न पाहिल्याबद्दल त्याला 'उक्खेपनीय' कर्माने व्यवहारातून वगळण्यात आले. संघ दुभंगला. बुद्धांनी दोन्ही बाजूंना समजावले : वगळणाऱ्यांनी फुटीचा विचार करावा, वगळलेल्याने फूट टाळण्यासाठी, इतरांवर विश्वास ठेवून दोष मान्य करावा. कोणी ऐकेना. अखेर बुद्ध एकटेच निघून पारिलेय्यक वनात गेले.

२८/ तोडगा काढला तो गृहस्थांनी. कौशांबीच्या उपासकांनी या भिक्षूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. उपाशी पोटी भिक्षू श्रावस्तीला बुद्धांकडे गेले. तेथे वगळलेल्या भिक्षूने स्वतःच धम्म आणि विनय तपासून पाहिला आणि त्याला दोष दिसला. त्याला परत घेतले गेले, संघाने एकत्र उपोसथ केला. 'दोष आहे की नाही' यापेक्षा 'दोष दिसतो की नाही' हा प्रश्न किती स्फोटक असू शकतो, ते या कथेत दिसते.

२९/ म्हणून शेवटी सात अधिकरणसमथ. समोरासमोर निवाडा, निष्कलंक व्यक्तीची स्मृती प्रमाण मानणे, भ्रमिष्टावस्थेतील कृत्यास सूट, कबुलीनुसार निर्णय, शलाका वाटून बहुमत, टोलवाटोलवी करणाऱ्यावर कारवाई, आणि 'तिणवत्थारक', घाणीवर गवत पसरावे तसे दोन्ही बाजूंनी आपापले किरकोळ दोष एकदम झाकून पुढे जाणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघातील ठराव, गणपूर्ती आणि मतदान यांच्या अशा नियमांचा उल्लेख भारताच्या जुन्या संसदीय वारशाचा दाखला म्हणून केला होता.

३०/ परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी, असे परंपरा सांगते, वैशालीत पुन्हा वाद झाला. भिक्षूंनी उपोसथाच्या दिवशी काशाच्या पात्रात पाणी भरून ठेवले आणि उपासकांना त्यात नाणी टाकायला सांगितले. यस नावाच्या भिक्षूने विरोध केला, तर त्यालाच उपासकांची क्षमा मागण्याचा दंड झाला. तो उपासकांकडे गेला खरा, पण आपली बाजू पटवून परतला. मग त्याने पश्चिमेकडील आणि अवंती-दक्षिणापथातील भिक्षूंना निरोप धाडले. आठ स्थविरांच्या समितीपुढे एकेक आचार तपासला गेला आणि प्रत्येकाला नाव मिळाले : हे पाचित्तिय, हे दुक्कट.

३१/ मग महाराष्ट्रातील लेण्यांत नाण्यांच्या देणग्या कशा? नाशिकच्या दहाव्या लेण्यातील शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात संघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनिवी ठेवतो. ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे : २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० पाऊण दराने. मुद्दल काढायचे नाही. फक्त व्याज वापरायचे. २००० वरचे वर्षाचे व्याज २४०, म्हणजे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. पैसा श्रेणीच्या दप्तरी आणि त्याचा लाभ संघाला, ही त्या काळाने काढलेली वाट होती.

३२/ संघ एकच राहिला नाही; निकाय झाले. कार्ल्याच्या लेखांत महासांघिकांना दिलेली दाने आहेत, नाशिकच्या लेखांत भद्रायनीयांना. महासांघिकांच्या प्रातिमोक्षात भिक्षूंचे नियम २१८, चीनमध्ये रूढ झालेल्या धर्मगुप्तक परंपरेत २५०. फरक मुख्यतः शेवटी आहे : सेखिय नियम ६६, ७५ किंवा १००. पाराजिक चार आणि संघादिसेस तेरा मात्र सर्वत्र तेवढेच. जेवणाखाण्याच्या रीती बदलल्या. वर्गांची नावे आणि मोठ्या दोषांची मोजदाद शतके ओलांडून टिकली.

३३/ या व्यवस्थेत विषमताही आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. भिक्षुणींसाठी पाराजिक आठ. दुसऱ्या भिक्षूचा गंभीर दोष लपवणारा भिक्षू पाचित्तियात पडतो. दुसऱ्या भिक्षुणीचे पाराजिक लपवणारी भिक्षुणी स्वतःच पाराजिकात पडते. भिक्षूला कामुक स्पर्शाबद्दल संघादिसेस, भिक्षुणीला विशिष्ट स्पर्शास संमती दिल्याबद्दल पाराजिक. परतीची वाट स्त्रियांसाठी अधिक ठिकाणी बंद केलेली होती.

३४/ आणि तो बंद दरवाजा? महासांघिक, सर्वास्तिवाद, धर्मगुप्तक, मूलसर्वास्तिवाद या परंपरांच्या विनयांत एक तरतूद आहे, जी पालि विनयात नाही. एखादा भिक्षू पहिल्या पाराजिकात पडला, पण त्याने क्षणभरही न लपवता रडत येऊन सांगितले, तर संघ त्याला 'शिक्षादत्तक' म्हणून ठेवून घेऊ शके. त्याला आजन्म सर्व भिक्षूंच्या खाली आणि श्रामणेरांच्या वर बसावे लागे. संघाच्या निर्णयांत त्याची गणना होत नसे. पण त्याला विहार सोडावा लागत नसे.

३५/ म्हणजे शिर तुटल्याची उपमा देणाऱ्या व्यवस्थेतही काही संघांनी विचारले की हा माणूस खरोखर गेला आहे का. आणि उत्तर शोधले ते पुन्हा त्याच कसोटीवर : त्याने लपवले का? परिवासाचे दिवस मोजणारी कसोटी येथे माणसाचे सारे आयुष्य तोलते. कार्ल्याच्या डोंगरावर ज्या महासांघिकांना दाने मिळाली, त्यांच्या विनयात ही वाट लिहिलेली होती.

३६/ आधुनिक मराठी वाचकाला हे जग धर्मानंद कोसंबींनी उघडून दिले. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले, सिंहलद्वीपात दीक्षा घेतलेले कोसंबी 'बौद्धसंघाचा परिचय' या ग्रंथात संघाचे नियम आणि त्यांमागच्या कथा मराठीत सांगतात. या विषयात उतरू इच्छिणाऱ्या तरुण वाचकाला आजही तेथून आरंभ करता येईल.

३७/ विनयातील प्रत्येक नियमाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिक्षापद. 'सिक्खा' म्हणजे शिकणे, अभ्यास. मराठीने हा शब्द दोन दिशांना नेला : एका बाजूला शिक्षण, शिक्षक, दुसऱ्या बाजूला शिक्षा, म्हणजे दंड. विनयात हे दोन अर्थ अजून वेगळे झालेले नाहीत. दोषात पडलेल्याला तेथे विचारला जाणारा प्रश्न एकच : तुला ते दिसते का? दिसत असेल, तर पुढचे सारे नियम उठून परत येण्याविषयीचे आहेत.

(धागा समाप्त)